डावीकडची सीट

आमच्या घरासमोर गेली सव्वीस वर्षं दोन गाड्या उभ्या असतात, आणि घरात माणसंही दोनच आहेत. करडी माझी, पिवळी ॲव्हरिलची. व्हिटबीला मासे खायला जायचं झालं तरी आम्ही दोन गाड्यांनी जातो. बंदरावर शेजारी शेजारी गाड्या लावतो, पाऊस असला तर आपापल्या गाडीत बसूनच खातो, आणि व्हिनेगरची बाटली खिडकीतून एकमेकांना देतो. बघणाऱ्यांना वाटतं, या दोघांचं बाहेर काहीतरी चालू असावं. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली आहेत.

दोष माझा आहे. मी एकतीस वर्षं गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या. सरकारी नोकरी. रोज सात अनोळखी माणसं, सात अनोळखी गाड्या, आणि मी डावीकडच्या सीटवर मांडीवर पॅड घेऊन बसलेला. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही. मधल्या वेळात गप्पा नाहीत, हसणं नाही, 'छान' म्हणणं तर नाहीच. हे काम इतकी वर्षं केलं की माणूस घरीही तसाच होतो. ॲव्हरिल कपात चहा ओतायला लागली की माझी बोटं पेन शोधतात.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही तिच्या बहिणीकडे निघालो होतो. गाडी ॲव्हरिल चालवत होती. गावाबाहेरच्या मोठ्या सर्कलमधून बाहेर पडताना तिने इंडिकेटर दिला नाही. मी म्हणालो, "ही गंभीर चूक झाली." एवढंच म्हणालो, आणि तेही हळू आवाजात. तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या सीटवरचा आल्याचा केक उचलला आणि म्हणाली, "क्लाइव्ह, ज्या गाडीत तू असशील त्या गाडीत यापुढे मी नसेन." आणि केक घेऊन बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आठवडाभरात राग उतरेल. पुढच्या महिन्यात तिने पिवळी गाडी घेतली.

निवृत्त झाल्यावर मी पुष्कळदा विचार केला की माफी मागावी. पण चूक गंभीर होती यात शंका नव्हती, त्यामुळे माफी नेमकी कशाची मागायची ते ठरेना. असं करत पाच वर्षं गेली.

मग यंदाच्या एप्रिलमध्ये व्हिटबीच्या बंदरावर आमच्या दोन गाड्यांच्या पुढ्यात एक तिसरी येऊन उभी राहिली. बुटकी, लाल, दोनच सीटची, छप्पर मागे टाकलेलं. आत माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा एक गृहस्थ आणि डोक्याला रुमाल बांधलेली त्याची बायको. ती त्याच्या पुड्यातले चिप्स पळवत होती आणि तो तिच्या हातावर चापट्या मारत होता. दोघं इतकी खेटून बसली होती की तिचा खांदा त्याच्या खांद्यावरच होता. त्या गाडीत दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. मी काचेतून ॲव्हरिलकडे पाहिलं. तीही त्यांच्याकडेच बघत होती. तिने व्हिनेगर मागायला काच खाली केली, आणि मी बाटली देताना अगदी मनापासून वाटलं की ही बाई आपल्या शेजारी हवी.

घरी आल्यावर कॉम्प्युटरवर बसून मी जाहिराती चाळल्या. अशा गाड्या नव्या घेतल्या तर आमच्या पेन्शनीचं वाटोळं होईल, पण वीस वर्षं जुन्या असल्या तर नीट पारखून घेतल्यावर परवडतात. पाच मैलांवरच्या गावात एक होती. गडद हिरवी, छप्पर सुस्थितीत, दरवर्षीची तपासणी एकदाही न चुकलेली, किंमत तीन हजार आठशे पौंड. ॲव्हरिलला मी सांगितलं की रोपवाटिकेत टोमॅटोची रोपं बघायला चाललोय.

"पॅड कशाला लागतंय टोमॅटोला?" तिने विचारलं.

"यादी करायला," मी म्हणालो.

पॅडवर खरोखरच यादी होती. गंज, टायर, छपराची शिवण, तेल. जुनी गाडी घेताना माणसाने डोकं थंड ठेवावं.

गाडीची मालकीण जॅनिन बिकरडाइक पन्नाशी ओलांडलेली, गोल चेहऱ्याची, बोलघेवडी बाई होती. "आत जायला काही नाही हो, बाहेर यायचे वांधे," ती गुडघ्यावर थोपटत म्हणाली. "हा गुडघा नवा बसवलाय. मागच्या वेळी मला बाहेर काढायला नवरा आणि शेजारचा डेरेक दोघं लागले. डेरेकची पाठ अजून दुखतेय. म्हणून विकायची, नाहीतर जीव आहे माझा तिच्यात. चालवून बघणार ना?"

"हो तर," मी म्हणालो.

ती किल्ली हातात खुळखुळवत पुढे चालायला लागली. मी पॅड घेऊन तिच्या मागून. आणि इथे माझ्या हातून जे झालं ते जगात माझ्यासारख्याच्याच हातून होऊ शकतं. पुढे किल्ली घेऊन चाललेली अनोळखी बाई, मागे पॅड घेऊन मी, समोर अनोळखी गाडी. एकतीस वर्षं पायांना जी सवय होती ती ते विसरले नव्हते. मी गाडीपाशी थांबलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "त्या पलीकडच्या पांढऱ्या गाडीचा नंबर वाचून दाखवा."

प्रत्येक परीक्षेची सुरुवात याच वाक्याने होते. जॅनिनने निमूटपणे नंबर वाचला. मी मान डोलावली, डावीकडचं दार उघडलं, आत बसलो, पट्टा लावला आणि घड्याळात वेळ बघितली.

ती बाहेरच उभी होती. मी वर पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मग तो हळूहळू लाल व्हायला लागला.

"ओल्डरॉइड," ती म्हणाली. "तुम्ही ओल्डरॉइडसाहेब!"

निवृत्त परीक्षकाला असं कुणी हाक मारून ओळखलं की ते कधीच चांगल्यासाठी नसतं.

"मी तेव्हाची जॅनिन स्टॉट! एक्क्याण्णव साल! तीनदा नापास केलंत मला, तीनदा! थांबा, हलू नका." ती लंगडत घरात गेली आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आली. डब्यात घड्या घातलेले तीन कागद होते. तेहतीस वर्षं जपलेले. प्रत्येकावर माझी सही. तिसरा तिने मोठ्याने वाचला: "गंभीर चूक. चौकात विनाकारण घुटमळणे."

"नियमच आहे तसा," मी म्हणालो. "रस्ता मोकळा असताना थांबून राहिलं तर मागच्यांचा खोळंबा होतो."

"ट्रॅक्टर येत होता हो!"

"लांब असेल."

"लांब होता, पण ट्रॅक्टर होता ना! पुढच्या शनिवारी माझं लग्न होतं, ओल्डरॉइडसाहेब. मी लग्नाला बसने गेले. अंगावर तो एवढा मोठा पांढरा झगा, आणि बसने! ड्रायव्हर म्हणाला, झग्याचं पण तिकीट काढा."

मला हसू आलं नाही. खरं म्हणजे आलं, पण दाबलं. मी म्हणालो की गाडी उत्तम आहे आणि मी किंमत पूर्ण द्यायला तयार आहे.

"किंमत तर देणारच आहात," जॅनिन म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता एक निराळीच चमक होती. "पण माझी गाडी मी कुणा ऐऱ्यागैऱ्याला देणार नाही. आधी परीक्षा. व्हा तिकडच्या सीटवर. आणि ते पॅड द्या इकडे."

मी उठून निघून जाऊ शकलो असतो. पण छप्पर मागे होतं, ऊन होतं, आणि डावीकडची ती इवलीशी सीट मी नुकतीच बघितली होती. ॲव्हरिल तिच्यात अगदी बरोबर मावली असती. मी पलीकडे जाऊन बसलो. जॅनिन शेजारी बसली, पेनाचं टोपण काढलं आणि गप्प झाली.

ही गप्प बसण्याची गोष्ट मला आजवर ठाऊकच नव्हती. म्हणजे मी ती लोकांना रोज सात वेळा वाटत होतो, पण स्वतःला कधी मिळाली नव्हती. शेजारचं माणूस काही बोलत नाही आणि पेन मात्र अधूनमधून कागदावर करकरतं. काय लिहिलं? कशाबद्दल लिहिलं? दोन मैल गेल्यावर तिने डॅशबोर्डवर टपली मारली, म्हणजे जागच्या जागी ब्रेक. ब्रेक मी झकास मारला. तिने काहीच लिहिलं नाही, आणि मला चौथीतल्या पोरासारखा आनंद झाला.

मग तो चौक आला. देवाशपथ सांगतो, उजवीकडून ट्रॅक्टर येत होता.

चांगला अर्धा मैल लांब असेल. मागे गवताचे भारे. जायला हरकत नव्हती. पण मनात आलं, गेलो आणि ही म्हणाली की ट्रॅक्टरला अडवलंत, तर? थांबलो. ट्रॅक्टर येता येईना. तो गेला तर त्याच्या मागे पोस्टाची गाडी. तीही गेली, तर एक म्हातारी सायकलवर, आणि तिच्या टोपलीत कुत्रं. ते कुत्रं माझ्याकडे बघत गेलं. शेजारी पेन करकरलं, आणि ते बराच वेळ करकरत राहिलं.

घरापाशी येऊन इंजिन बंद केल्यावर जॅनिनने पॅड मांडीवर सरळ ठेवलं आणि माझ्याच आवाजात, माझ्याच त्या बर्फासारख्या आवाजात म्हणाली, "परीक्षा संपली आहे. आपण उत्तीर्ण झालेला नाहीत, हे सांगताना मला खेद होतो."

"घुटमळलो," मी म्हणालो.

"विनाकारण. पुन्हा परीक्षा दहा कामाचे दिवस सोडून देता येते. नियम आहे."

"सोमवारची बँकेची सुट्टी धरून?"

"सुट्टी सोडून. नंतरच्या बुधवारी, अकरा वाजता. लीड्सचा एक माणूस मागे लागलाय या गाडीच्या, पण तोवर मी त्याला थोपवून धरते. शब्द आहे माझा."

आता बाहेर पडणं आलं. गाडी इतकी बुटकी की मी आधी एक पाय काढला, मग हात टेकले, आणि शेवटी चारी पायांवर अंगणातल्या खडीत उतरलो. वर जॅनिन म्हणाली, "याचे गुण नाही कापत."

घरी ॲव्हरिल वाटाणे सोलत होती. "टोमॅटो कुठे आहेत?" तिने विचारलं. मग माझ्या विजारीकडे पाहिलं. "आणि गुडघ्यांना खडी कसली?"

मला थापा मारता येत नाहीत, त्याचा सराव नाही. मी सगळं सांगून टाकलं. गाडी, नंबर, डबा, ट्रॅक्टर, टोपलीतलं कुत्रं. गाडी कशासाठी हवी ते तेवढं सांगितलं नाही, तिथे जीभच उचलली नाही.

ॲव्हरिलने वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. चष्मा काढला. आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. टेबलाला धरून हसली, टेबलाच्या कापडाने डोळे पुसले, आणि पुन्हा माझ्याकडे बघून पहिल्यापासून सुरू झाली.

"ओल्डरॉइडसाहेब नापास!" ती म्हणाली. "अरे देवा. हे बघायला मी जगले! एकोणसत्तराव्या वर्षी लोक गुडघे बदलून घेतात, आणि तू नापास होऊन आलास?"

"हस. हस पोटभर."

"हसतेच आहे. आता पुढे काय करणार? पुन्हा जाणार आणि पुन्हा घुटमळणार?"

"जरा सराव करीन."

"कुणाबरोबर?"

मी गुडघ्यांवरची खडी झटकली. ती खिडकीतून पिवळ्या गाडीकडे बघत होती.

"उद्या सकाळी नऊ वाजता," ती म्हणाली. "माझ्या गाडीत. मी शिकवणार. पण ही शिकवणी आहे हां, फेरफटका नाही. मी तुझ्याबरोबर गाडीत बसले असा याचा अर्थ होत नाही. हे मोजायचं नाही."

"नाही मोजणार," मी म्हणालो. आणि मोजायला लागलो.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या गाडीच्या पुढेमागे तिने शिकाऊ लोकांची लाल अक्षराची पाटी लावली होती. ती कुठून पैदा केली देव जाणे. सगळी गल्ली पडद्याआडून बघत होती. पोस्टमनने तर उघड उघड टोपी काढली. ॲव्हरिल डावीकडे पॅड घेऊन बसली आणि म्हणाली, "त्या पांढऱ्या गाडीचा नंबर वाचून दाखव."

"ॲव्हरिल, शेजारच्या ग्रॅहमची आहे ती, नंबर मला पाठ..."

"एक किरकोळ चूक. परीक्षकाशी वाद."

पहिल्या दिवशी माझ्या एक्केचाळीस चुका झाल्या. चालवण्यातली एकही नव्हती. ॲव्हरिलच्या मते गाडी मी ठीक चालवतो, चुकतं माझं तोंड. पुढचा लाल दिव्याला उशिरा थांबला, मी म्हणालो, "किरकोळ." तिने लिहिलं. एका बाईने आरसा न बघता वळण घेतलं, मी म्हणालो, "गंभीर!" तिने लिहिलं. एकाने काहीच चूक केली नाही, मी म्हणालो, "याला लवकरच काहीतरी होणार." तिने दोन लिहिल्या.

"पण मी त्यांना ऐकू जाईल असं थोडंच बोलतोय?" मी म्हणालो.

"मला जातं ना ऐकू," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांपूर्वी पण जायचं. तुला काय वाटलं, त्या एकाच वाक्यासाठी मी उतरले? अरे, त्या आधी दहा वर्षं ऐकत होते. ते शेवटचं होतं, म्हणून तुझ्या लक्षात राहिलं."

मला पहिल्यांदाच कळलं की माफी कशाची मागायची होती. मागितली मात्र नाही, कारण समोर सर्कल होतं आणि तिथे लक्ष द्यावं लागतं. ही माझी खरी खोड. एखादी गोष्ट करायची वेळ आली की मला नेमका कुठून तरी ट्रॅक्टर दिसतो.

दिवसेंदिवस चुका कमी होत गेल्या. तेवीस. सतरा. नऊ. सातव्या दिवशी तिने थर्मासमधून चहा आणला आणि आम्ही टेकडीवर गाडी थांबवून प्यालो, दोघं एका गाडीत, आणि कप द्यायला कुणाला काच खाली करावी लागली नाही. "हेही मोजायचं नाही," ती म्हणाली. दहाव्या दिवशी तीनच चुका झाल्या, आणि त्यातली एक शिंक होती.

माझा आत्मविश्वास इतका वाढला की मंगळवारी मी माझी करडी गाडी भाच्याला विकून टाकली. नियमाने चालणाऱ्या माणसाने असं करायला नको होतं. रात्रभर मी कूस बदलत राहिलो आणि सकाळी आठ वाजता फोन करून हिरव्या गाडीचा विमा काढला. पास व्हायच्या आधीच. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम नियमाच्या आधी केलं.

बुधवारी पिवळ्या गाडीतून गेलो, शेवटची शिकवणी म्हणून. ॲव्हरिल आणि जॅनिन पाच मिनिटांत एकमेकींच्या गळ्यात. डबा आला, कागद आले, झग्याच्या तिकिटाची गोष्ट आली. दोघींचं हसणं अंगणाच्या बाहेर ऐकू जात होतं. "घरी पण असेच आहेत?" जॅनिनने विचारलं. "अगं, घरी तर जेवणाचेही गुण असतात," ॲव्हरिल म्हणाली. मी हिरव्या गाडीशेजारी मूग गिळून उभा होतो.

परीक्षेची पंचवीस मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की त्याच चौकात आलो आणि उजवीकडून काहीतरी येत होतं. ट्रॅक्टर होता की नाही तेसुद्धा मी नीट बघितलं नाही, लांब होतं एवढं दिसलं, आणि मी निघालो. वारा डोक्यावरून गेला. माझ्या तोंडून नकळत शीळ वाजली. शेजारी पेन करकरलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"सहा किरकोळ चुका," जॅनिन घरापाशी येऊन म्हणाली. "पाच वेगाच्या, एक शिट्टीची. अभिनंदन, ओल्डरॉइडसाहेब." तिने हात पुढे केला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खरं सांगू? तो ट्रॅक्टर तेव्हाही लांबच होता. मला माहीत होतं."

कागद झाले, पैसे झाले, किल्ली माझ्या हातात आली. जॅनिनने गाडीच्या नाकावरून एकदा हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे केलं. मी त्या बाईचे मनापासून आभार मानले.

आणि किल्ली हातात घेऊन वळलो तेव्हा मला ते दिसलं. अंगणात दोन गाड्या होत्या. एक हिरवी, एक पिवळी. आणि माणसं आम्ही दोन. एकतीस वर्षांत एकही बारीकशी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती, आणि ही एवढी मोठी सुटली होती. जिला शेजारी बसवायला गाडी घेतली, ती आता आपली गाडी घेऊन पुढे जाणार आणि मी तिच्या मागून. पुन्हा दोन गाड्या. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"चल, मी होते पुढे," ॲव्हरिल पर्समधून पिवळ्या गाडीची किल्ली काढत म्हणाली. "तू ये सावकाश."

मी जागचा हललो नाही. इथे बोलायला हवं होतं. जीभ उचलत नव्हती, पण या वेळी मी ट्रॅक्टर बघायचा नाही असं ठरवलं.

"ॲव्हरिल, तुझं नाव आहे."

"कशावर?"

"विम्यावर. ही गाडी तुलाही चालवता येते. दोघांच्या नावे काढलाय."

तिचा हात पर्समध्येच राहिला. "कधी काढलास?"

"आज सकाळी आठ वाजता."

"आज सकाळी तू पास झाला नव्हतास."

"नव्हतो."

"आणि मी तुझ्या गाडीत बसत नाही, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे. त्याच्यासाठीच तर घेतली. तू शेजारी हवीस म्हणून. कुठल्या का बाजूला असेनास. आणि ते सगळं बोलणं, त्या आधीचं दहा वर्षांचं, त्याबद्दल..." मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "चुकलो मी," मी म्हणालो. "गंभीर."

जॅनिन आपल्या फुलझाडांना काय झालंय ते अगदी वाकून बघत होती, नवा गुडघा असूनही.

ॲव्हरिलने पर्सची चेन लावली. "तुमच्या अंगणात माझी गाडी राहिली तर चालेल?" तिने जॅनिनला विचारलं. "उद्या बसने येऊन नेईन."

"वर्षभर राहू दे," जॅनिन झाडातूनच म्हणाली.

मग ॲव्हरिलने माझ्यापुढे हात पसरला. मी किल्ली दिली. ती उजवीकडे जाऊन बसली, सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला. मी डावीकडे बसलो. खांद्याला खांदा लागला. त्या गाडीत खरोखरच दुसरीकडे जागा नव्हती.

गावाकडे जाताना ती बेताने चालवत होती. मी गप्प होतो. दहा दिवसांची शिकवणी होती पाठीशी. आणि मग ते सर्कल आलं, अठ्ठ्याण्णवचं. ॲव्हरिल आत शिरली, आमचा रस्ता आला, आणि ती बाहेर न पडता तशीच पुढे गेली. इंडिकेटर नाही, काही नाही. वळता वळता तिने माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला होता. जीभ मी दातांत धरली.

दुसरी फेरी. इंडिकेटर नाही. आमचा रस्ता पुन्हा आला आणि पुन्हा गेला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ॲव्हरिलने त्याला हात केला, राणीने करावा तसा.

तिसऱ्या फेरीला तिचे केस सगळे उडून तोंडावर आले होते आणि ती ओठ दाबून हसत होती. बसस्टॉपवर उभी असलेली चार माणसं आमच्याबरोबर माना फिरवत होती.

"बोल की आता," ती म्हणाली. "फुटशील नाहीतर. हे किती वेळा झालं सांग. किरकोळ की गंभीर?"

आमचा रस्ता समोर येत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अजून एकदा," मी म्हणालो.

ॲव्हरिलने इंडिकेटर न देता चौथी फेरी घेतली.